वर्तुळ काढणं सोपं असतं : विमानतळ, ‘नैना’ आणि आपले बफर

दिवाळीला मामा आटपाडीला आले की आमच्या घरी दोन विषय ठरलेले. एक सोन्याचा भाव, दुसरा माझी पीएच.डी. कधी संपणार. मामा गलाईच्या धंद्यात आहेत. तुम्ही खानापूर-आटपाडीकडचे नसाल तर सांगते, जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देण्याचा हा व्यवसाय. आमच्या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरं त्यावर उभी राहिली आणि माणसं देशभर पांगली. मामा तमिळनाडूत असतात. यंदा त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेलं रंगीत पत्रक काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “आगं, तू त्या नकाशाचंच शिकतीस न्हवं? मग बघ की, आपल्या प्लॉटाचं काय व्हतंय.”

पत्रकावर मधोमध विमान, त्याभोवती ५, १०, १५ किलोमीटरची तीन वर्तुळं आणि दुसऱ्या वर्तुळाच्या जरा बाहेर एक लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे मामांचे पनवेल तालुक्यातले तीन गुंठे. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका एजंटाकडून घेतलेले, एकाच सातबारावर अकराजणांची सामाईक नावं.

मी पत्रक बघितलं आणि मला हसू आलं नाही, लाज वाटली. कारण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी जो सिनॉप्सिस लिहिला होता, त्यात अगदी हेच चित्र होतं. विमानतळ मध्ये, भोवती ५, १०, १५ किलोमीटरचे बफर. फरक एवढाच की माझ्या नकाशाला उत्तर दिशेचा बाण आणि स्केल होतं.

हा लेख त्या वर्तुळाबद्दल आहे. तुमच्यापैकी अनेकजण भूगोल, पर्यावरणशास्त्र किंवा जिओइन्फर्मॅटिक्समधून संशोधनाकडे येताय, पेटची तयारी करताय, विषय शोधताय. ‘विमानतळाचा आजूबाजूच्या भूवापरावर होणारा परिणाम’ हा विषय सध्या फार घेतला जातो. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, पुरंदरचं भूसंपादन गाजतंय, कराडच्या धावपट्टीचा विस्तार वर्षानुवर्षं अधूनमधून बातम्यांत येतो. विषय चांगलाच आहे. पण तो ज्या पद्धतीने हाताळला जातो, त्याबद्दल मला तक्रार आहे, आणि त्या तक्रारीत मी स्वतःलाही धरते.

पद्धत सहसा अशी. १९९० किंवा २००० सालची लँडसॅटची प्रतिमा घ्यायची, आजची सेंटिनेल-२ ची घ्यायची, दोन्हींचं वर्गीकरण करायचं : पाणी, शेती, झाडी, पडीक, बांधकाम. क्यूजीआयएसमध्ये विमानतळाच्या बिंदूभोवती बफर टाकायचा. बफरच्या आत बांधकाम किती टक्के वाढलं ते तक्त्यात मांडायचं आणि निष्कर्षात लिहायचं, ‘विमानतळामुळे नागरीकरणाला चालना मिळाली.’ तोंडी परीक्षेत कुणी विचारत नाही आणि प्रबंध पास होतो.

माझ्या बाबतीत मात्र समितीतल्या एका मॅडमनी विचारलं. त्यांचा प्रश्न इतका साधा होता की मला आधी तो अपमानच वाटला. “हाच बफर तुमच्या गावाभोवती टाकला तर काय येईल?”

## आटपाडीला विमानतळ नाही

घरी येऊन टाकून बघितला. बसस्थानक हा मध्यबिंदू धरला. तीच दोन वर्षं, तेच वर्गीकरण, तीच तीन वर्तुळं. आणि आटपाडीभोवतीही बांधकाम वाढलेलं दिसलं. चांगलंच वाढलेलं. पहिल्या वर्तुळात जास्त, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात आणखी कमी. म्हणजे अगदी तसाच उतरता क्रम, जो मी माझ्या सिनॉप्सिसमध्ये ‘विमानतळाचा प्रभाव अंतरानुसार घटतो’ म्हणून अभिमानाने मांडला होता. आटपाडीहून सगळ्यात जवळचा विमानतळ म्हणजे एकतर कराडची लहान धावपट्टी नाहीतर कोल्हापूर. प्रभाव कशाचा होता मग? बसस्थानकाचा?

हा प्रकार वैद्यकशास्त्रातले लोक रोज करतात. खरं औषध एका गटाला, साखरेची गोळी दुसऱ्या गटाला. साखरेच्या गोळीनेही तितकंच बरं वाटलं तर औषधाचं श्रेय संपलं. आपल्याकडे नकाशांच्या अभ्यासात साखरेची गोळी कुणी देत नाही. कोणत्याही गावाच्या मध्याभोवती वर्तुळ टाका, बांधकाम मध्यापासून बाहेर पातळ होत जाणारच, कारण गाव असतं तसंच. आणि गेल्या तीस वर्षांत बांधकाम वाढलं नाही असं महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव सापडणं अवघड.

दुसरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी निघाली. ‘बांधकाम’ म्हणून दाखवलेला बराच भाग बांधकाम नव्हताच. तो माळ होता. माणदेश ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल : मुरमाड, उघडी, पांढुरकी जमीन, उन्हाळ्यात तापलेली. उपग्रहाच्या काही पट्ट्यांत या कोरड्या जमिनीचं आणि काँक्रीटचं परावर्तन इतकं जवळ येतं की नुसता बांधकाम-निर्देशांक लावला तर माळावर शहर उगवतं. माझी एक प्रतिमा एप्रिलची होती, दुसरी नोव्हेंबरची. पाऊस संपल्यावर हिरवा दिसणारा माळ उन्हाळ्यात ‘बांधलेला’ दिसत होता. ज्या माळावर लहानपणी मी शेळ्या बघितल्या, तो माळ मी ‘नागरी’ म्हणून रंगवला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. वर टेंभूचं पाणी आल्यावर डाळिंबाच्या बागा, शेततळी, त्यांवरचं प्लॅस्टिक, पत्र्याचे पॅकिंग शेड असं सगळं बदललंय. त्यातलं काय ‘बांधकाम’ आणि काय शेती हे संगणकाला कसं कळणार? मला तरी कुठे कळलं होतं?

म्हणून पहिली विनंती. विमानतळाचा अभ्यास करायचा असेल तर त्याआधी तोच सगळा खटाटोप विमानतळ नसलेल्या, पण बाकी सारख्या असलेल्या गावावर करून बघा. आणि दोन्ही प्रतिमा एकाच हंगामातल्या घ्या. एवढ्यानेच निम्मे निष्कर्ष गळून पडतील. माझे पडले.

## नियम वर्तुळात राहत नाहीत

आता खऱ्या विमानतळाकडे. विमानतळाभोवतीची जमीन का सांभाळायची? कारणं मुळात तीन-चारच आहेत आणि प्रत्येकाचा आकार वेगळा आहे. वर्तुळाच्या प्रेमात पडलं की हेच दिसेनासं होतं.

उंचीचं घ्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, हिच्या चौदाव्या परिशिष्टात अडथळ्यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत. आपल्याकडे २०१५ चे उंचीनिर्बंधाचे नियम त्याच धर्तीवर आहेत आणि परवानगी विमानतळ प्राधिकरण देतं. रंगांत विभागलेले नकाशे त्यासाठीच असतात. मोठ्या, उपकरणांच्या आधारे विमान उतरवणाऱ्या धावपट्टीचा ढोबळ हिशोब असा : धावपट्टीच्या भोवती चार किलोमीटरपर्यंत ४५ मीटरची आडवी मर्यादा. धावपट्टीच्या टोकाकडून मात्र दर शंभर मीटरला दोन मीटर अशा चढाने एक पंखा सुरू होतो, तो रुंद होत जवळपास पंधरा किलोमीटर जातो.

आता कागदावर करून बघा. धावपट्टीच्या बाजूला एक किलोमीटरवर तुमचं घर असेल तर ४५ मीटर, म्हणजे चौदा-पंधरा मजले. टोकाच्या सरळ रेषेत एक किलोमीटरवर असेल तर साधारण २० मीटर, म्हणजे सहा मजले. अंतर तेच, बफर तोच, पण नियम दुपटीहून वेगळा. शिवाय ही उंची विमानतळाच्या पातळीवरून मोजायची, तुमच्या प्लॉटच्या जमिनीवरून नव्हे. प्लॉट टेकाडावर असेल तर तेवढी उंची आधीच खर्ची पडलेली असते. कराडच्या आसपास आगाशिवासारखे डोंगर आहेत, नवी मुंबईत तर उलव्याची टेकडीच कापावी लागली. तुमच्या अभ्यासात उंचीचं प्रारूप नसेल, नुसतं अंतर असेल, तर तुम्ही निर्बंधाचा अभ्यास करतच नाही आहात.

आवाज आणखी लांबोडका असतो. समान आवाजाच्या रेषा धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडे जिभेसारख्या बाहेर येतात, बाजूला मात्र लवकर मिटतात. इकाओने २००१ मध्ये आवाजाबाबत जो ‘संतुलित दृष्टिकोन’ स्वीकारला त्याचे चार भाग आहेत : मुळात कमी आवाजाची विमानं, भूवापराचं नियोजन, उड्डाणाच्या पद्धतीतले बदल आणि शेवटी उड्डाणांवर बंधनं. यातला दुसरा भाग म्हणजे आपला विषय. आपल्याकडे २०१८ च्या अधिसूचनेत गजबजलेल्या विमानतळांच्या आवाज-क्षेत्रासाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबलची मर्यादा ठरवली आहे. आपल्या नेहमीच्या निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियम सांगतात दिवसा ५५, रात्री ४५. डेसिबलचं प्रमाण लघुगणकीय (लॉगरिदमिक) असतं, त्यामुळे ४५ आणि ६५ मधला फरक ध्वनिऊर्जेत शंभरपट आहे. म्हणजे विमानतळाच्या आवाज-क्षेत्रात घर असणं ही सरकारी कागदावरही वेगळ्या प्रकारची वस्ती आहे. प्लॉट विकणाऱ्याच्या पत्रकावर ही जीभ कधी दिसत नाही. खरं सांगायचं तर प्रबंधांतही दिसत नाही.

पक्ष्यांचं वेगळंच. १९३७ च्या विमान नियमांतला नियम ९१ सांगतो की विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत जनावरं कापणं, उघड्यावर घाण टाकणं मना आहे, कारण त्याने पक्षी येतात. हे मात्र खरंच वर्तुळ आहे! पण पक्षी वर्तुळ पाळत नाहीत. मे २०२४ मध्ये घाटकोपरला उतरणाऱ्या विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला आणि तीसहून अधिक पक्षी मेले. त्यांची जागा कुठे आहे हे ठाण्याच्या खाडीतल्या आणि नवी मुंबईतल्या पाणथळी ठरवतात. पाणथळ बुजवली की पक्षी नाहीसे होत नाहीत, ते दुसरी मोकळी, पाणी साचणारी सपाट जागा शोधतात. विमानतळ ही नेमकी तशीच जागा असते. (याच्यावर कुणीतरी चांगला प्रबंध लिहावा. मी नाही, माझं मानधन संपत आलंय.)

आणि चौथं कारण, ज्याबद्दल बोलणं आपण टाळतो. १२ जून २०२५ ला अहमदाबादला उड्डाण केलेलं विमान काही क्षणांत मेघाणीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. जमिनीवरच्या १९ जणांचा जीव गेला. जेवायला बसलेली मुलं होती ती. आपल्या वयाची. त्यानंतर आठवडाभरात अडथळे पाडण्याबाबतच्या नव्या नियमांचा मसुदा आला. पण ते नियमही उंचीबद्दल आहेत. वसतिगृह उंच होतं म्हणून विमान धडकलं नव्हतं. ते विमान पडण्याच्या वाटेवर होतं. ब्रिटनमध्ये धावपट्टीच्या टोकांना निमुळत्या पट्ट्या आखतात, तिथे नवी वस्ती, शाळा, गर्दी वाढू देत नाहीत, मग इमारत एक मजली का असेना. ‘किती उंच’ हा एक प्रश्न आणि ‘किती माणसं’ हा दुसरा. आपल्या नियोजनाचा सगळा भर पहिल्यावर आहे. मुंबईच्या धावपट्ट्यांना टेकून कुर्ला, जरीमरीच्या वस्त्या आहेत. बहुतेक घरं बुटकी आहेत, म्हणजे उंचीच्या परीक्षेत पास.

## ‘नैना’मध्ये प्रभाव कोणाचा कोणावर?

एवढं झाल्यावर ‘नैना’कडे वळूया, कारण महाराष्ट्रात विमानतळाभोवतीच्या जमिनीचं नियोजन म्हटलं की हाच आपला मोठा प्रयोग. नाव फोडून बघा : नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र. १० जानेवारी २०१३ ला शासनाने सिडकोला या क्षेत्राचं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. तेव्हा यात २७० गावं होती, बहुतेक रायगडमधली, थोडी ठाण्यातली; क्षेत्र साडेपाचशे चौरस किलोमीटरहून अधिक. विमानतळाची स्वतःची जागा ११६० हेक्टर, म्हणजे साडेअकरा चौरस किलोमीटरच्या आसपास. प्रभावक्षेत्र विमानतळाच्या जवळपास पन्नासपट!

कारण म्हणून सांगितलं गेलं की विमानतळापासून सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात अनियोजित वाढ होईल, ती आधीच आवरली पाहिजे. हेतू चांगला आहे, मी त्यावर शंका घेत नाही. भिवंडी, कल्याणच्या आसपास नियोजनाविना काय झालं हे आपण बघतोच. पण संशोधक म्हणून आकडा हातात आला की त्याला प्रश्न विचारायचा. २५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ किती? १९६३ चौरस किलोमीटर. ‘नैना’ त्याच्या एक तृतीयांशही नाही. उरलेला भाग समुद्र आहे, मुंबई-ठाणे आहे, खुद्द नवी मुंबई आहे, आणि इतर प्राधिकरणांच्या हद्दी आहेत. म्हणजे प्रभावाची सीमा कुठे संपली? जिथे दुसऱ्या कार्यालयाची हद्द सुरू झाली तिथे. विमानाचा आवाज असा थांबतो का?

माझा आक्षेप इथून सुरू होतो. ‘प्रभावक्षेत्र’ या शब्दात दोन उलट्या दिशेच्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. एक : विमानतळाला जमिनीपासून, आणि माणसांना विमानतळापासून, सांभाळायचं. यासाठी कमी वस्ती, कमी उंची, मोकळ्या जागा लागतात, आणि तेही धावपट्टीच्या रेषेत, ठरावीक पट्ट्यांत. दोन : विमानतळामुळे जमिनीची किंमत वाढेल, ती वाढ गोळा करून रस्ते, गटारं, बागा उभारायच्या. यासाठी जास्त वस्ती, जास्त चटईक्षेत्र लागतं. पहिल्या कामाचा नकाशा आणि दुसऱ्या कामाचा नकाशा एक असूच शकत नाही. इकाओच्या नियमावलीत विमानतळाभोवतीचा भूवापर म्हणजे प्रामुख्याने पहिलं काम. ‘नैना’च्या नावात शब्द पहिल्याचा आहे, पण योजनेचा जीव दुसऱ्यात आहे.

मी हे वाईट म्हणून सांगत नाही. दुसरं काम करायलाच हवं, आणि त्यासाठी वापरलेलं साधन जुनं आणि तसं न्याय्य आहे. नगररचना परियोजना. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून हे साधन आपल्याकडे आहे, पुढे १९६६ च्या प्रादेशिक आणि नगररचना अधिनियमातही आलं. गुजरातने ते सातत्याने वापरलं, आपण बरीच वर्षं फडताळात ठेवलं. सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या, उरलेले चौकोनी अंतिम भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे. थेट भूसंपादनापेक्षा हे बरं, कारण शेतकरी मालक राहतो. ‘नैना’त आधी स्वेच्छेने जमिनी एकत्र करण्याची योजना होती, ती फारशी चालली नाही. पुढे पनवेल तालुक्यातल्या पहिल्या २३ गावांचा विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि तिथे नगररचना परियोजना सुरू झाल्या. मालकाला मूळ जमिनीच्या ४० टक्के अंतिम भूखंड परत, वाढीव चटईक्षेत्रासह. आणि तिथेच शेतकऱ्यांचा विरोधही उभा राहिला.

विरोधाचं कारण समजून घ्या. ‘नैना’ने ६० टक्के घेतलेली जमीन ही नुसती विमानतळाची किंमत नाही. तिथे आधीपासूनच १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचं शहर आहे, १९८९ पासून न्हावाशेवा बंदर आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आहे, आणि १२ जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही आहे. जमिनीची किंमत वाढली ती कशाने किती? विमानतळाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता २००७ ला, पर्यावरण मंजुरी २०१० ला, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ ला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि पहिली प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ ला. म्हणजे ‘प्रभावक्षेत्र’ जाहीर झालं त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षं विमानच उडालं नव्हतं. ही तेरा वर्षं त्या गावांतल्या माणसाने कशी काढली असतील? घर वाढवायचं तर परवानगी कुणाची, जमीन विकायची तर भाव कुठला, मुलीच्या लग्नाला एकर काढावा की थांबावं. इथे मात्र प्रभाव नक्की होता, विमानाचा नव्हे, अधिसूचनेचा.

तुम्हाला प्रबंधासाठी प्रश्न हवाय ना? हा घ्या. विमानतळाच्या प्रभावाऐवजी अधिसूचनेचा प्रभाव मोजा. २०१३ च्या सीमारेषेच्या अगदी आत आणि अगदी बाहेर असलेली गावं निवडा, ज्यांच्यात माती, रस्ता, अंतर बाकी सारखं आहे. फक्त रेषा वेगळी. त्यांच्यात पुढे फरक पडला का बघा. हद्द जर कार्यालयांच्या सोयीने पडली असेल, तर तीच गोष्ट संशोधकाला उपयोगी पडते. योजनेचं वैगुण्य ते आपलं साधन. वर्तुळातून हे कधीच मिळालं नसतं.

जास्तीची जमीन धरून ठेवली की काय होतं याचं जगातलं गाजलेलं उदाहरण कॅनडात आहे. माँट्रियलजवळ मिराबेल. १९६९ मध्ये सरकारने विमानतळासाठी सुमारे ९७ हजार एकर जमीन घेतली, बरीचशी आवाजाचा त्रास वस्तीला होऊ नये म्हणून राखीव. नियोजनाच्या पुस्तकाप्रमाणे आदर्शच. १९७५ ला विमानतळ सुरू झाला, पण प्रवासी जुना विमानतळ सोडून तिकडे गेलेच नाहीत. ऐंशीच्या दशकात बहुतेक जमीन परत करावी लागली, २००४ मध्ये प्रवासी विमानं थांबली, पुढे इमारतही पाडली. दरम्यान जे शेतकरी उठले ते उठले. मुंबईत राखीव पट्टाच नाही म्हणून माणसं धावपट्टीला टेकलेली, मिराबेलला पट्टा एवढा मोठा की माणसंच उरली नाहीत. आणि दोन्हीकडे अंदाज चुकला तो प्रवाशांचा आणि गर्दीचा, भूमितीचा नव्हे.

पुरंदरबद्दल मी इथे थोडंच बोलते, कारण तिथली परिस्थिती अजून हलती आहे. २०१६ पासून पारगाव मेमाणे, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी या सात गावांवर तो प्रकल्प आहे. २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणावरून पोलीस आणि शेतकऱ्यांत झटापट झाली, नंतर संपादनाचं क्षेत्र कमी केलं गेलं. अंजीर-सीताफळाची जमीन. तिथे ज्यांना अभ्यास करायचाय त्यांना एकच सांगेन : उपग्रहाची प्रतिमा उतरवून घेण्याआधी गावात जा, आणि ड्रोन घेऊन जाऊ नका. त्या गावांत ड्रोन म्हणजे काय हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. कराडला वारुंजीकडच्या बागायतदारांचंही तेच. कोयना प्रकल्पाच्या काळातली ती लहान धावपट्टी, तिच्या विस्ताराला विरोध होतो तो विमानाला नव्हे, कृष्णा-कोयनेकाठची बारमाही जमीन जाण्याला. आमच्या आटपाडीत कुणी उद्या माळावर विमानतळ आणतो म्हटलं तर लोक हार घेऊन उभे राहतील, हेही मला माहीत आहे. ‘शेतकऱ्यांचा विरोध’ असा एकच रंग नकाशात भरू नका. जमीन बघून माणूस बोलतो.

आता मामांचं. मी त्यांच्या गट नंबरवरून जागा शोधली. परियोजनेत येत असेल तर तीन गुंठ्यांचे चाळीस टक्के म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आत, तेराशे चौरस फूट. पण तेही त्यांच्या एकट्याचे नाहीत, कारण सातबारावर अकराजण आहेत, आणि अंतिम भूखंड मूळ नोंदीप्रमाणे सामाईकच मिळणार. शिवाय ठिपका धावपट्टीच्या रेषेत आहे का बाजूला, यावर आवाज ठरणार. पत्रकातल्या वर्तुळावरून ते कळत नाही. मी हे सगळं समजावलं. मामांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मंजी घर व्हतंय का न्हाई?”

मी म्हटलं, “मामा, आधी त्या परियोजनेचा नकाशा आणि तुमच्या खरेदीखताची प्रत पाठवा.”

“आन् ह्ये?” त्यांनी रंगीत पत्रकाकडे बोट दाखवलं.

ते मी ठेवून घेतलंय. पुढच्या महिन्यात समितीपुढे सुधारित सिनॉप्सिस मांडायचाय. पहिल्या स्लाइडवर डावीकडे मामांचं पत्रक आणि उजवीकडे माझा पहिल्या वर्षीचा नकाशा लावणार आहे. मॅडम काय विचारतात ते नंतर लिहीन. तोवर तुमच्यापैकी कुणाकडे २०१३ च्या हद्दीचा गावनिहाय नकाशा शेपफाइलमध्ये असेल तर कळवा, मी स्कॅनवरून हाताने रेषा काढतेय आणि अजून साठ गावं बाकी आहेत.